गुंतलेले क्यूबिट आणि आपली सैल भाषा

(मारेगाव येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. आयुष्यभर न्याय, वेदान्त आणि थोडंफार पाश्चात्त्य तर्कशास्त्र शिकवलं. मग क्वांटम कॉम्प्युटरवर बोलायला का उभा राहिलो, असं तुमच्यातल्या काहींना वाटत असेल. त्याचं कारण आधी सांगतो, कारण आजच्या टीकेतला पहिला आरोपी मीच आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावात मी उपनिषदांवर बोललो. शेवटी टाळ्या मिळाव्यात म्हणून एक वाक्य टाकलं: ‘आज क्वांटम विज्ञानही हेच सांगतंय की सगळं विश्व एकमेकांत गुंतलेलं आहे.’ टाळ्या पडल्या. पुढे चार-सहा महिन्यांनी त्या सभेतल्या एक बाई भेटल्या. गळ्यात एक काळं पदक. ‘क्वांटम’ शक्तीचं, अडीच हजारांचं. ते शरीराला विश्वाशी जोडतं म्हणे. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर बंद केल्या होत्या आणि मग दवाखान्यात भरती व्हावं लागलं होतं. सुदैवाने त्या बऱ्या झाल्या. मला म्हणाल्या, ‘सर, तुम्हीच तर सांगितलं होतं.’

पदक मी विकलं नव्हतं, पण ज्या वाक्यावर ते विकलं गेलं ते माझं होतं. तेव्हा ठरवलं की हा विषय नीट समजून घ्यायचा आणि मग आपल्याकडे तो कसा सांगितला जातो याची तपासणी करायची. आज तीच करतो आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. टीका नंतर.

साध्या कॉम्प्युटरचा बिट म्हणजे ० किंवा १. क्यूबिटची अवस्था दोन आकड्यांनी सांगतात: एक ० च्या वाट्याचा, एक १ च्या वाट्याचा. हे आकडे म्हणजे शक्यतेची टक्केवारी नव्हे. ते ऋणही असू शकतात, त्याहून वेगळ्या प्रकारचेही असू शकतात, आणि त्यांच्या वर्गावरून शक्यता निघते. ऋण असू शकतात हे लक्षात ठेवा, सगळी गंमत तिथे आहे.

हॅडामार्ड नावाचं एक गेट असतं. गेट म्हणजे क्यूबिटवर केलेली ठरावीक क्रिया. ० या अवस्थेतल्या क्यूबिटवर ते चालवलं की ० आणि १ दोघांचा वाटा सारखा होतो. मोजलंत तर अर्ध्या वेळा ०, अर्ध्या वेळा १. तुम्ही म्हणाल, हे तर नाणं उडवणं झालं. थांबा. न मोजता तेच गेट पुन्हा चालवा. क्यूबिट परत ० वर येतो, दर वेळी, हमखास. उडवलेलं नाणं न बघता पुन्हा उडवलं तर हमखास छापा पडतो का? नाही. इथे १ कडे जाणाऱ्या दोन वाटा एकमेकींना खोडतात, कारण एक धन आहे, एक ऋण. म्हणून ‘अवस्थांचं मिश्रण’ हा शब्द मी टाळतो. मिश्रणात खोडाखोड नसते.

आता दोन क्यूबिट घ्या. शक्यता चार: ००, ०१, १०, ११. म्हणून आकडे चार. त्यांना अ, ब, क, ड म्हणू. प्रश्न असा: या जोडीचं वर्णन ‘पहिला असा आहे आणि दुसरा तसा आहे’ असं तोडून करता येतं का? त्याची कसोटी शाळेतल्या मुलालाही करता येईल. अ गुणिले ड आणि ब गुणिले क काढा. दोन्ही सारखे आले तर जोडी तोडून सांगता येते. सारखे नाही आले तर येत नाही. सोयीसाठी प्रमाण बाजूला ठेवू. चारही आकडे १ घेतले तर एक गुणिले एक दोन्हीकडे सारखंच. ही जोडी सुटी. पण १, ०, ०, १ घ्या. एकीकडे गुणाकार १, दुसरीकडे ०. ही जोडी तोडता येत नाही. एन्टँगलमेंट म्हणजे हे. यात धूप नाही, दीप नाही, एक गुणाकार आहे.

ही अवस्था तयार करतात कशी? दोन गेटांनी. दोन्ही क्यूबिट ० वर ठेवा. पहिल्यावर हॅडामार्ड चालवा. मग कंट्रोल्ड-नॉट नावाचं दोन क्यूबिटांचं गेट चालवा. त्याचा नियम साधा: पहिला १ असेल तर दुसरा उलटा करायचा, पहिला ० असेल तर दुसऱ्याला हात लावायचा नाही. झालं. ०० आणि ११ एवढ्या दोनच शक्यता उरतात, समसमान.

इथे एक चूक फार होते. लोक म्हणतात की या गेटाने पहिल्या क्यूबिटची नक्कल दुसऱ्यात उतरवली. नक्कल असती तर दोघांची अवस्था वेगवेगळी सांगता आली असती आणि चारही शक्यता उरल्या असत्या. इथे दोनच उरल्या. गेटाने एकमत निर्माण केलं, प्रत काढली नाही. अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढताच येत नाही, हे १९८२ साली सिद्धही झालं.

आणि यातून जे निघतं ते माझ्यासारख्या माणसाला झोपू देत नाही. त्या जोडीबद्दल जाणण्यासारखं सगळं आपल्याला माहीत आहे, तिळमात्र कमी नाही. तरी त्यातल्या एकट्या क्यूबिटबद्दल काहीही माहीत नाही. सरळ मोजला तर अर्ध्या वेळा ०, अर्ध्या वेळा १. पूर्णाचं पूर्ण ज्ञान आणि भागाचं शून्य ज्ञान. ‘भाग कळले की पूर्ण कळतं, पूर्ण कळलं की भाग कळतात’ हे आपण गृहीत धरून चालतो. श्रॉडिंगरने १९३५ साली या प्रकाराला नाव दिलं ते याच कारणाने. त्याच्या मते क्वांटमचं वेगळेपण इथेच होतं.

आता तपासणी. आपल्याकडे हे समजावताना तीन चित्रं वापरली जातात. तिन्ही घेऊ.

पहिलं चित्र चपलेच्या जोडाचं. एक चप्पल वणीला राहिली, एक यवतमाळला गेली. वणीतली डावी निघाली की यवतमाळची उजवी, हे तत्काळ कळतं. ऐकायला छान. पण चप्पल पिशवीतही डावीच होती. प्रश्नच हा आहे की क्यूबिटचं उत्तर आधीपासून ठरलेलं होतं का. चपलेचं उदाहरण देणारा माणूस वादातला एक पक्ष उदाहरणातच घालून ठेवतो. न्यायशास्त्रात याला साध्यसम म्हणतात: जे सिद्ध करायचं तेच हेतू म्हणून पुढे करायचं.

आणि तो पक्ष हरलेला आहे. कसा, ते एका खेळाने सांगतो. दोन बहिणी. थोरली वणीला, धाकटी यवतमाळला. दोघींना वेगवेगळे पंच एकेक कार्ड देतात, पांढरं किंवा लाल. दोघींनी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. दोघींना लाल मिळालं तर उत्तरं वेगळी हवीत. बाकी तिन्ही वेळा सारखी हवीत. आधी बसून हवं ते ठरवा, पण खेळ सुरू झाल्यावर बोलणं बंद.

जास्तीत जास्त किती वेळा जिंकतील? बघा. पांढरं-पांढरं जिंकायचं तर दोघींचं पांढऱ्याचं उत्तर सारखं. थोरलीचं पांढरं, धाकटीचं लाल जिंकायचं तर तेही सारखं. थोरलीचं लाल, धाकटीचं पांढरं, तेही सारखं. म्हणजे चारही उत्तरं एकच झाली. मग लाल-लालला वेगळं कुठून आणणार? तीन अटी पाळल्या की चौथी मोडतेच. उत्तरं आधी ठरलेली असतील तर शंभरात ७५ च्या वर जाता येत नाही. पण बहिणींकडे गुंतलेल्या क्यूबिटांची जोडी असेल आणि कार्डाप्रमाणे मोजण्याची दिशा बदलली, तर सुमारे ८५ वेळा जिंकता येतं. याचं मूळ गणित जॉन बेलने १९६४ साली मांडलं. प्रयोग क्लाउझर, आस्पे आणि झाइलिंगर यांनी केले, २०१५ साली उरल्यासुरल्या पळवाटाही बुजवल्या गेल्या, आणि या तिघांना २०२२ चं नोबेल मिळालं. ७५ आणि ८५ यांच्यामध्ये चपलेचं चित्र पडतं.

दुसरं चित्र टेलिफोनचं. ‘इकडे हात लावला की तिकडे त्याच क्षणी कळतं.’ हे तर साफ चूक. यवतमाळच्या बहिणीने आपली वही पाहिली तर अर्धे ‘हो’, अर्धे ‘नाही’. वणीला कोणतं कार्ड गेलं त्याने या वहीत काडीचा फरक पडत नाही. मेळ दिसतो तो दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि वही आणायला माणूस लागतो, एसटी लागते, नाहीतर साधा फोन लागतो. या वाटेने निरोप जात नाही. ज्याला निरोप जात नाही त्याला टेलिफोन म्हणणं म्हणजे विहिरीला पाणी नसताना मोटेचं कौतुक करणं.

तिसरं चित्र माझं. म्हणजे आपल्या घरचं. ‘सगळं एकमेकांत गुंतलंय, हेच अद्वैत.’ यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पहिली दोन चित्रं बाहेरून आली, हे आपण तयार केलं.

एन्टँगलमेंट हे ठरावीक वस्तूंबद्दलचं विधान आहे. ती ठरावीक क्रियेने होते, आकड्यात मोजता येते, कमी-जास्त असते आणि सहज मोडते. मुख्य म्हणजे ती वाटून घेता येत नाही. दोन क्यूबिट एकमेकांत पुरेपूर गुंतले तर त्यातला एकही तिसऱ्यात तिळभरही गुंतू शकत नाही. म्हणजे ‘सगळं सगळ्यांशी पुरेपूर गुंतलेलं’ हे गणितालाच मान्य नाही. आणि आसपासची हवा, उष्णता, धातूचा कण यांच्याशी क्यूबिट थोडाथोडा गुंतत गेला की जोडीची गंमत संपते. प्रयोगशाळेतले लोक ज्या ‘विश्वाशी जोडलं जाण्या’ला टाळायला रात्रंदिवस झटतात, ते गळ्यात घालायला आपण अडीच हजार मोजतो!

उलट बाजूने पाहा. अद्वैत हे दोन वस्तूंच्या नात्याबद्दल बोलतच नाही. तिथे दुसरं नाही हेच तर म्हणणं आहे. नातं यायला दोन लागतात. म्हणजे या तुलनेत विज्ञानाची हानी होते तशी शंकराचार्यांचीही होते. ज्याने ब्रह्मसूत्रभाष्याची दहा पानं नीट वाचली असतील तो हे करणार नाही. मी वाचली होती. तरी केलं, कारण समोर टाळ्या होत्या.

शब्दांचाही यात हात आहे. सुपरपोझिशनला काही ठिकाणी ‘अध्यारोपण’ म्हणतात. वेदान्तात ‘अध्यारोप’ म्हणजे दोरीवर साप लादणं, जे नाही ते आहे असं समजणं. मग वेदान्त शिकलेल्याला वाटतं की क्यूबिटची अवस्था म्हणजे भ्रम आणि मोजणं म्हणजे ज्ञान. चूक, दोन वाटा एकमेकींना खोडतात, त्या भ्रम असत्या तर खोडल्या कशा असत्या? तसंच एन्टँगलमेंटचं. ‘गुंतागुंत’ म्हटलं तर अवघड प्रकरण असा अर्थ होतो. ‘गुंतवणूक’ म्हटलं तर लोक व्याजदर विचारतात. ‘गुंफण’ त्यातल्या त्यात बरा, पण गुंफलेल्या फुलांना आपापला रंग असतो आणि इथे नेमका तोच नाही. म्हणून मी सध्या एन्टँगलमेंट असंच म्हणतो. परका शब्द निदान खोटी ओळख सांगत नाही.

मग आपल्या परंपरेत काहीच उपयोगाचं नाही का? आहे, पण जरा बेताने. न्याय-वैशेषिकात संयोग आणि द्वित्व यांत भेद केलाय. पक्षी झाडावर बसला, हा संयोग. पक्षी आधीपासून पक्षी, झाड आधीपासून झाड. द्वित्वाची गोष्ट वेगळी. शेतात दोन बैल आहेत. ‘दोनपणा’ ढवळ्यात आहे का? नाही. पवळ्यात? नाही. तो दोघांत मिळून आहे, एकेकात नाही. अशा धर्माला ते व्यासज्यवृत्ती म्हणतात. क्यूबिटांचं एकमत कुठे राहतं, असं कोणी विचारलं तर हा शब्द कामाचा आहे: जोडीत राहतं, एकेकात राहत नाही.

पण इथेच थांबा. बैलांना दोनपणाशिवाय आपापला रंग, वय, खोडी आहेत. गुंतलेल्या क्यूबिटला आपली म्हणून स्वतंत्र अवस्थाच नाही. शिवाय नैयायिकांचं द्वित्व मोजणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीने उत्पन्न होतं. एन्टँगलमेंट गेटाने होते. तेव्हा नैयायिकांना क्वांटम ठाऊक होतं असं म्हणू नका. त्यांनी एक चांगली छिन्नी घडवून ठेवली. मूर्ती मात्र त्यांनी कोरली नव्हती.

आता चौथी गोष्ट, जी चित्र नाही, जाहिरात आहे. ‘क्यूबिट एकाच वेळी ० आणि १ असतो, म्हणून क्वांटम कॉम्प्युटर सगळी उत्तरं एकदम काढतो.’ यात अर्धं खरं आहे. दहा क्यूबिट सुटे असतील तर वीस आकड्यांत काम भागतं. गुंतले असतील तर १,०२४ लागू शकतात. ३०० क्यूबिटांना लागणारे आकडे दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजी संख्येपेक्षाही जास्त होतात. पण मोजताना हाती किती येतं? ३०० क्यूबिटांतून ३०० बिट. बाकी सगळं जातं. म्हणून सगळी कला अशी गेटं रचण्यात आहे की चुकीच्या उत्तरांच्या वाटा एकमेकींना खोडतील आणि बरोबर उत्तराची वाट बळावेल. भारतात जन्मलेल्या लव ग्रोव्हर यांनी १९९६ साली शोधाची अशी रीत दाखवली. दहा लाख नोंदींत एक शोधायची तर साध्या रीतीने सरासरी पाच लाख वेळा पाहावं लागतं; त्यांच्या रीतीने सुमारे ८०० पायऱ्या. मोठा फायदा आहे, पण ‘एकदम’ नाही. आणि नुसतं गुंतवलं म्हणजे शक्ती आली असंही नाही. हॅडामार्ड, कंट्रोल्ड-नॉट आणि पाव फेरीचं एक गेट एवढ्यांवर हवं तितकं एन्टँगलमेंट तयार होतं, तरी साधा कॉम्प्युटर त्याचा पाठलाग आरामात करतो. त्यापलीकडचं निदान एक गेट लागतंच.

हे सगळं परदेशात चाललंय असं समजू नका. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिवाहक क्यूबिट तयार होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओची पुण्याची क्वांटम प्रयोगशाळा आणि ही संस्था यांनी सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटापर्यंतची चाचणी पूर्ण केली. क्यूबिट कुलाब्याचे, नियंत्रणाची यंत्रणा पुण्याच्या शास्त्रज्ञांची, बाहेरून वापरण्याची सोय टीसीएसची. सहा क्यूबिट म्हणजे ६४ आकडे. असे अतिवाहक क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास थंड ठेवावे लागतात. केंद्राने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, सुमारे ६,००० कोटींचं. तुमच्या-माझ्या कराचा पैसा आहे. तो कशावर जातोय हे मारेगावच्या माणसाला नीट मराठीत कळण्याचा हक्क आहे. जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. अवघड गोष्ट खोटी न करता सोपी करता येते, हे त्यांनी मराठीत दाखवून दिलं. ती रीत सोडून आपण टाळ्यांच्या मागे लागलो तर दोष विज्ञानाचा नाही.

(व्याख्यानानंतर एका शेतकऱ्याने प्रश्न विचारला: ‘सर, समजलं थोडंफार. पण हे आमच्या काय कामाचं हाय?’)

चांगला प्रश्न. खोटं सांगत नाही. आज काही कामाचं नाही. पण एक गोष्ट सांगतो. तुम्ही पऱ्हाटीला युरिया देता. त्यासाठीचा अमोनिया कारखान्यात प्रचंड दाब आणि शेकडो अंश तापमान वापरून करतात. आणि तुमच्याच शेतात, तुरीच्या नि सोयाबीनच्या मुळावर ज्या गाठी असतात, त्यातले जिवाणू तेच काम साध्या मातीत, साध्या उष्णतेत करतात. त्यांच्यातल्या एका विकराच्या पोटात लोह आणि मॉलिब्डेनमचा एक गुच्छ आहे. त्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांत असे गुंतलेले असतात की साध्या कॉम्प्युटरला त्यांचा नेमका हिशोब झेपत नाही. मोठा, चुका सावरू शकणारा क्वांटम कॉम्प्युटर झाला तर तो हिशोब जमेल अशी शास्त्रज्ञांची आशा आहे. सहा क्यूबिटांचं ते काम नाही. तुमच्या नातवाच्या काळात होईल की नाही, मी सांगू शकत नाही.

पण घरी गेल्यावर तुरीचं एक झाड हलक्या हाताने उपटून त्या गाठी पोरांना दाखवा. आणि कोणी ‘क्वांटम’ म्हणून काही विकायला आला, तर त्याला दोन गुणाकार विचारा: अ गुणिले ड किती, ब गुणिले क किती. उत्तर आलं नाही तर पाकीट काढू नका. ते वाक्य माझ्या तोंडचं असलं तरी.